दोन तांबे दुधाची शिक्षा

मी एक जुना तांब्याचा टोप आहे. मित्रांनो, माझ्या पोटाला पोचे पडलेत, कल्हई उडाली आहे. तरी मी कुणापुढे मान खाली घालत नाही. का, ते ऐका.

शहापूरच्या एका तांबटाने मला घडवलं ते सुभेदार एलोजी रोहेकरांच्या लेकीच्या लग्नासाठी. सुभेदार बेळगावच्या कॅम्पात राहत. ते बेने इस्रायल, म्हणजे मराठी बोलणारे ज्यू. त्यांच्या घरी मटण नारळाच्या रसात शिजतं. मटण आणि दूध एका भांड्यात कधीच येत नाही, असा त्यांचा धर्म. वीस वर्षं मी हा नेम पाळला. पाहुणे बोटं चाटत, आणि मी ऐटीत बसून राही.

१९३६ च्या मे महिन्यात सुभेदारांनी बंगल्याच्या आवारात समाजाच्या मुलांसाठी उन्हाळी शिबिर भरवलं. पहिला दिवस शुक्रवार. मुंबईहून आणि कोकणातून चाळीस मुलं येणार होती. सूर्य मावळला की शब्बाथ, म्हणजे ज्यूंचा विश्रांतीचा दिवस, लागतो, मग शनिवार संध्याकाळपर्यंत चूल पेटवायची नाही. म्हणून दुपारीच मटण घालून मला चुलीवर चढवलं. रांधायला येळ्ळूरच्या नागुबाई नव्यानेच आल्या होत्या.

मुलं ट्रंका घेऊन आवारात उतरली तेव्हा दिवस कलला होता. नागुबाई हौसेने म्हणाल्या, "सायेब, नारळाचा रस कमी पडला बघा. मग घरच्या म्हशीचं दोन तांबे दूध घातलं. पोरं लांबनं आल्यात, पोटभर जेवू देत."

सुभेदारांचा चेहरा उतरला. "हे अन्न आता मुलांना चालायचं नाही. परसात पुरा. टोप मोडीत काढा. आणि बाई, उद्यापासून तुम्ही येऊ नका."

मला मोडीत! वीस वर्षांच्या चाकरीचं हे बक्षीस! माझ्या तळापासून आग उठली.

नागुबाईंचे डोळे भरले, पण आवाज पडला नाही. "चुकलं माझं. पर मला कुणी सांगितलं हुतं का? न सांगताच शिक्षा देताय व्हय? पोरांच्या पोटात कायतरी पडल्याबिगर मी न्हाय हलायची."

मुंबईची दहा वर्षांची मिलका हे ऐकत होती. आईला सोडून राहायची तिची पहिलीच वेळ, प्रवासभर ती मुसमुसत आली होती. आता तीच पुढे झाली. "सुभेदारआजोबा, आमच्याकडे असं झालं तर आई भांडं टाकत नाही. घासून एक दिवस ठेवते, मग त्यात काठोकाठ पाणी उकळते. भांड्याला एक दिवस मिळतो, मग मावशींना का नाही?"

"इथले नियम मी ठरवतो!" सुभेदार गरजले.

"मग मी घरी जाते." मिलका आपल्या ट्रंकेवर जाऊन बसली. तिच्या शेजारी दुसरी मुलगी बसली, मग तिसरी. ते सत्याग्रहाचे दिवस होते. बघता बघता चाळीसही मुलं उपाशीपोटी ट्रंकांवर बसली. पलटणीला हुकूम सोडणारे सुभेदार ट्रंकांच्या रांगेपुढून येरझाऱ्या घालू लागले.

ऊन भिंतीवरून उतरलं तेव्हा ते हळूच म्हणाले, "नागुबाई, तुम्हाला आधी सांगायला हवं होतं. चूक माझी. चूल न पेटवता काही करता येईल का?"

नागुबाईंनी पोहे भिजवले, मुलांनी नारळ खवला, वर गूळ पडला. शब्बाथचा दिवा लागला आणि सगळी जेवली. सगळ्यांत शेवटी सुभेदारांनी नागुबाईंना आपल्या हाताने वाढलं.

रविवारी नागुबाईंनी मला चिंचेने घासलं आणि माझ्यात काठोकाठ पाणी उकळलं. त्यानंतर दरवर्षी शिबिराचा स्वयंपाक त्यांच्याच हाती राहिला. कुणी नवी बाई मदतीला आली की त्या आधी तिला सगळे नियम सांगत, मगच पळी हातात देत.

आता १९४७ साल आहे. सुभेदार राहिले नाहीत, शिबिर बंद पडलं. घरात मला मोडीत घालायचं बोलणं पुन्हा सुरू झालं आहे. मित्रांनो, भांडं असो की माणूस, टाकण्याआधी त्याची नीट निगा राखली होती का, हे स्वतःला विचारा. मला फक्त कल्हई हवी आहे. तरीही मोडीतच घालायचं असेल, तर आधी येळ्ळूरला जाऊन नागुबाईंना तसं तोंडावर सांगा. हिंमत असेल तर.