सत्तावीस पानांची आमटी

क्षिप्रा वाईकरने तीन वेळा नाही म्हटलं होतं आणि तिन्ही वेळा ते हो असं धरलं गेलं.

पहिल्यांदा फोनवर, गोपीनाथकाकांना. काका म्हणजे मुकुलच्या वडिलांचे थोरले भाऊ, वय शहात्तर, ऐकायला दोन्ही कानांनी उत्तम येतं. तरी ते म्हणाले, "छान छान, मग ठरलं." दुसऱ्यांदा 'वाईकर परिवार' ग्रुपवर. तिथे तिने सकाळी लिहिलं, की यंदा गौरी आपल्याकडे जमणार नाहीत, ऑफिसात ऑडिट आहे, लेकीची, उर्वीची, दहावी आहे. त्याखाली अकरा जणांनी जोडलेले हात पाठवले आणि एका आत्याने नाचणारा उंदीर. तिसऱ्यांदा तिने नवऱ्याला तोंडावर सांगितलं. मुकुल म्हणाला, "बघू." वाईकरांच्या घरात बघू म्हणजे झालं, हे सोळा वर्षं संसार केलेल्या बाईला कोणी समजावून सांगावं लागत नाही.

झालं होतं असं, की गेली बारा वर्षं घराण्याच्या गौरी डोंबिवलीला काकांकडे, म्हणजे खरं तर काकांच्या सुनेकडे, संचिताकडे बसायच्या. यंदा त्यांची बिल्डिंग रिडेव्हलपमेंटला गेली. काका, संचिता, तिचा नवरा असे सगळे भाड्याच्या वन बीएचकेमध्ये गेले. त्याच सुमारास क्षिप्रा आणि मुकुलने घोडबंदर रोडला चौदाव्या मजल्यावर फ्लॅट घेतला. वास्तुशांतीला काका आले, हॉल पाहिला नाही, बाल्कनी पाहिली नाही, थेट स्वयंपाकघरात गेले आणि ओट्यावर हात फिरवून म्हणाले, केवढा लांब आहे. क्षिप्राला तेव्हा तो हात कौतुकाचा वाटला. गुरांच्या बाजारात तसाच हात फिरवतात, हे तिच्या नंतर लक्षात आलं.

फक्त यंदाच्या वर्षी, असं सगळे म्हणत होते. पण वाईकरांकडे एक पद्धत होती. गौर नव्या घरात गेली, की पहिल्या वर्षीच्या जेवणानंतर घरातला थोरला पुरुष विडा खाता खाता म्हणतो, "गौर रुळली." तो एवढं म्हणाला, की त्या घरातल्या बाईचं पुढचं आयुष्य ठरलं. संचिताआधी क्षिप्राच्या सासूबाईंकडे, चित्राताईंकडे, ती अशीच एका विड्यावर चोवीस वर्षं रुळली होती. शेवटी त्यांच्या गुडघ्यांचं ऑपरेशन झालं तेव्हा गौरीला दुसरं घर शोधावं लागलं. म्हणजे सुटायचा रस्ता होता, पण तो ऑर्थोपेडिक वॉर्डातून जात होता.

आवाहनाच्या आदल्या दिवशी संचिता टेम्पो घेऊन आली. त्यातून मुखवट्यांची ट्रंक उतरली, ते ठीकच. मग आमटीचं पातेलं उतरलं, ज्यात उर्वी लहानपणी आंघोळ करू शकली असती. मग मखराच्या जादा खिळ्यांचा डबा, सुतळीचं बंडल आणि 'गौरी – कायम' असं लिहिलेली फाईल. एका वर्षासाठी कोणी जादा खिळे आणत नाही. क्षिप्रा वागळे इस्टेटमधल्या स्विचेसच्या कंपनीत क्वालिटी बघते, असल्या गोष्टी तिच्या नजरेतून सुटत नाहीत. संचिताचा चेहरा इतका तजेलदार झाला होता, की जणू तिचीच रिडेव्हलपमेंट झाली होती.

"मला करायचंच होतं गं," संचिता म्हणाली, "पण बिल्डिंगच गेली ना." आणि टेम्पोवाल्याला लवकर निघायची खूण केली.

पूजनाच्या दिवशी पुरणपोळ्या, सोळा भाज्यांची भाजी, अळू, कटाची आमटी, साखरभात, दोन कोशिंबिरी, पंचामृत, भजी. पानं सत्तावीस. हाताशी यायच्या त्या सगुणाबाई दिवा स्टेशनजवळच्या स्वतःच्या घरी गौरी असल्याने सुट्टीवर. मुकुलने मखर केलं होतं. मखर फार सुंदर झालं होतं आणि त्याने ते दिवसभर लोकांना दाखवलं.

क्षिप्रा पहाटेपासून ओट्याशी उभी होती. चित्राताई स्टुलावर बसून सोलणं-निवडणं करत होत्या. नैवेद्याचा स्वयंपाक असल्यामुळे काहीही चाखायचं नव्हतं. ऑफिसात शंभर स्विचमागे पाच तरी तपासल्याशिवाय क्षिप्रा खोकं पुढे जाऊ देत नसे. इथे दहा लिटर आमटी निव्वळ श्रद्धेवर पास व्हायची होती. तिने अंदाजाने मीठ घातलं. तिचा अंदाज चुकत नाही. राग त्याचाच होता. गेले आठ दिवस ती ठरवत होती, की स्वयंपाक यथातथाच करायचा, म्हणजे कोणी रुळली म्हणणार नाही. पण हात ऐकेनात. पुरण असं जमून आलं होतं, की तिला त्या पुरणाच्या दोन थोबाडीत द्याव्याशा वाटल्या.

अकरा वाजता काका आले. आल्या आल्या पातेल्यात डोकावले आणि म्हणाले, संचिताच्या आमटीला रंग जास्त यायचा. मग विचारलं, पानं किती वाजता. मग ओट्याकडे पाहून सगळ्यांना ऐकू जाईल असं म्हणाले, की पुढच्या वर्षी अंबरनाथच्या मंडळींनाही बोलवू, जागा आहे.

ते बाहेर गेले. क्षिप्राने मिठाची बरणी उघडली, वाटी भरली, अर्धी पातेल्यात ओतली आणि ढवळलं. शांतपणे, घड्याळाच्या काट्याच्या दिशेने. लगेच तिचा हात सवयीने बटाट्याकडे गेला, खारटपणा ओढून घ्यायला दोन फोडी टाकाव्यात म्हणून. तिने तो हात दुसऱ्या हाताने धरून मागे आणला. स्टुलावरून चित्राताईंनी हे सगळं पाहिलं आणि काकडी किसायला घेतली.

नैवेद्य दाखवून झाला. गौरींच्या चेहऱ्यावर काही दिसलं नाही, पण त्या मुखवट्याच्या होत्या.

पहिल्या पंगतीला पुरुष आणि मुलं मिळून चौदा पानं. क्षिप्रा दाराशी उभी राहून काकांच्या वाटीकडे बघत होती. काकांनी पहिला भुरका घेतला आणि डोळे मिटले. ते बराच वेळ मिटलेलेच राहिले. आता ते उघडतील, वाटी बाजूला सारतील, आणि मग आपण चारचौघांत वाईट ठरू आणि सुटू, असा तिचा हिशोब होता. काकांनी डोळे उघडले, तांब्याभर पाणी प्यायले आणि म्हणाले, "फक्कड."

वाईकरांच्या दुसऱ्या पद्धतीचा तिला रागाच्या भरात विसरच पडला होता. नैवेद्याच्या पानावर चवीबद्दल वावगं बोलायचं नाही. एरवी वर्षभर हे लोक पोह्यातला कांदा मोजत, पण आज घास घशाखाली उतरत नसला तरी छानच म्हणायचं होतं. आणि छान म्हटलेला पदार्थ पुन्हा मागून घेतला नाही तर तेही नाव ठेवल्यासारखंच. त्यामुळे काकांनी वाटी पुढे केली. काकांनी केली म्हणून त्यांच्या मुलाने केली. मग ओळीने चौदा वाट्या पुढे आल्या. उर्वी पाणी वाढत होती. ती आईच्या कानाशी येऊन म्हणाली, "आई, पाचवा जग चाललाय. सोसायटीला टँकर सांगू का?"

क्षिप्रा वाढत राहिली. डाव भरून वाढत राहिली. तिला वाटलं होतं मजा येईल, पण प्रत्येक वाटीगणिक तिचा संतापच वाढत गेला. सोळा वर्षं आपण मीठ बरोबर घालत आलो, आणि यांचं एक घालूनही छान, तिप्पट घालूनही छान. मग आपण मरमर कुणासाठी करत होतो? मुकुल मान खाली घालून भातात आमटी जिरवत होता. त्याला कळलं होतं. तोही गिळत होता.

दुसऱ्या पंगतीला बायका, बारा पानं. संचिताने आमटी तोंडाला लावली, थांबली आणि मान वर करून क्षिप्राकडे बघत राहिली. मग गालातल्या गालात हसली.

"मी पहिल्या वर्षी पुरण लावलेलं," ती हळूच म्हणाली. "चांगलं काळं होईपर्यंत. बाबा म्हणाले, खमंग झालंय."

क्षिप्राच्या हातातला डाव तसाच राहिला. शेजारच्या पानावरून चित्राताई, घास न थांबवता, रेडिओवर बातमी द्यावी तशा म्हणाल्या, "अठ्ठ्याऐंशी साली मी अळूत चिंच घातली नव्हती. तीस माणसं घसा खाजवत होती आणि छान झालंय म्हणत होती. तेव्हाच समजलं, चवीचा इथे काही संबंध नाही."

"आणि हे तुम्ही मला आत्ता सांगताय?"

"आधी सांगितलं असतं, तर तू आधीच काहीतरी केलं असतंस," चित्राताई म्हणाल्या. "मग गौर गेली असती कुठे?"

यात खंत वगैरे काही नव्हती. त्यांनी साधा पत्ता सांगितला होता. क्षिप्राला वाटत होतं, की आपण एकट्या घराण्याविरुद्ध उभ्या आहोत. प्रत्यक्षात आपल्याआधी दोघी इथेच उभ्या होत्या, दोघींनी हेच करून पाहिलं होतं, आणि हरल्यावर दोघींनी पातेलं पुढे सरकवलं होतं. टेम्पोत घालून. खिळ्यांसकट.

बाहेर काका सोफ्यावर बसले होते. विडा तोंडात गेला. सगळे हॉलमध्ये जमले. काकांनी गौरींकडे पाहिलं, मखराकडे पाहिलं, मुकुलच्या पाठीवर थाप मारली आणि घसा साफ केला.

"काका, आमटी खारट होती," क्षिप्रा म्हणाली.

विडा चघळत काका तिच्याकडे वळले.

"नैवेद्य आहे तो, बाळा."

"अर्धी वाटी मीठ जास्त घातलंय मी. मुद्दाम. तुम्ही दोनदा मागून घेतलीत. तुम्हाला बीपी आहे."

मुकुल पुढे आला. "क्षिप्रा, आत चल जरा."

"आत काय आहे? पहाटेपासून आतच आहे मी."

कोणीतरी सारवासारव करायला हवी होती. ती भलत्याच बाजूने आली. चित्राताई भिंतीला धरून उठल्या आणि म्हणाल्या, "भावजी, अळूही खाजरं होतं. अठ्ठ्याऐंशीत."

काकांनी विडा एका गालातून दुसऱ्या गालात नेला. फार जुनं काहीतरी जुळत असल्यासारखा त्यांचा चेहरा झाला.

"मी तेव्हा घशाच्या डॉक्टरला दाखवलेलं," ते म्हणाले. "त्याने टॉन्सिल काढले माझे."

क्षणभर कोणाला कळेना. मग संचिता फिसकन हसली आणि तिच्यामागे सगळा हॉल हसला. आत्या हसल्या, मुलं हसली, काकाही हसले. कोणीतरी म्हणालं, टॉन्सिलची भरपाई द्या वहिनी. वातावरण एकदम मोकळं झालं. क्षिप्राला धोका तिथेच दिसला. या घरात नाही हा शब्द आजवर भांडणात मेला नव्हता, तो दर वेळी असल्याच हसण्यात बुडाला होता. अजून दोन मिनिटं गेली असती, तर ही आमटी पुढच्या वर्षीच्या पंगतीतला किस्सा झाली असती. आणि ती पंगत याच हॉलमध्ये बसली असती.

ती हसली नाही. सगळे हसून होईपर्यंत ती थांबली. याला वेळ लागला. मग म्हणाली, "पुढच्या वर्षी इथे नाही."

"बरं बरं, बघू," काका डोळे पुसत म्हणाले.

"बघू पुढच्या वर्षी," मुकुल म्हणाला.

क्षिप्राने स्वयंपाकघरातून एक केळीचं पान आणलं. हॉलच्या मधोमध, सगळ्यांच्या पायांमध्ये ते मांडलं आणि समोर मांडी घालून बसली. सत्ताविसावं पान तिचंच होतं आणि दुपारचे पावणेचार वाजले होते.

"वाढ," ती मुकुलला म्हणाली.

मुकुलला आधी कळलं नाही, कोणाला म्हणतेय. मग तो आत गेला. भांड्यांचा आवाज झाला, एक झाकण पडलं, लिंबू कुठे असतं असं त्याने विचारलं आणि कोणीही उठून गेलं नाही. उर्वी उठत होती, तिला क्षिप्राने नजरेनेच खाली बसवलं. तो बाहेर आला. मीठ डावीकडे की उजवीकडे वाढायचं यात थोडा अडला, पण हळूहळू पान भरलं. भाज्या, अळू, भात, पोळी. आमटी नव्हती.

"आमटी."

"नको खाऊस," मुकुल खालच्या आवाजात म्हणाला. "फार खारट आहे गं ती."

"मला माहितीये. काकांना सांग."

मुकुल पातेलं हातात घेऊन उभा राहिला. जड होतं ते. खाली ठेवायला जागा नव्हती, सगळीकडे माणसं होती. त्याने क्षिप्राकडे पाहिलं, तर ती पानाकडे बघत होती. आत्यांकडे पाहिलं, आईकडे पाहिलं. आई त्याच्याकडेच बघत होती, आणि त्या बघण्यात मदत नव्हती.

"काका," तो म्हणाला. आवाज नीट निघाला नाही म्हणून पुन्हा म्हणाला, "काका, आमटी खारट होती. मला पहिल्या घासालाच कळलेलं. पुढच्या वर्षी गौरी आमच्याकडे नाहीत."

काकांचं चघळणं थांबलं. 'गौर रुळली' म्हणायला त्यांनी पुन्हा तोंड उघडलं होतं, तसंच ते उघडं राहिलं. मग त्यांनी विचारलं, "मग कुठे?"

संचिता स्वतःच्या बांगड्या पाहू लागली. आत्यांना एकाएकी कॅबचं आठवलं. संचिताच्या नवऱ्याने फोन काढला आणि बंद स्क्रीनवर काहीतरी वाचायला घेतलं. काका एकेका चेहऱ्याकडे बघत गेले आणि त्यांची नजर पोचण्याआधीच एकेक चेहरा दुसरीकडे वळत गेला. सोळा वर्षांत पहिल्यांदाच हा प्रश्न बाकीच्या सव्वीस जणांना पडला होता.

क्षिप्राने पोळीचा तुकडा मोडला. गार झाली होती.

"तूप राहिलं," ती म्हणाली.

मुकुल पातेलं घेऊनच आत गेला.