शिवणखात्यातला दिवा

मेक्सिकोतल्या कुएर्नावाकाच्या लोकांना मोटारी काही नव्या नव्हत्या. नवं होतं ते त्या आपल्या हातांनी बनवणं. ज्या माळावर बकऱ्याही नाखुशीनं चरत, तिथं जपानी कंपनीनं समुद्रापलीकडचा आपला पहिलाच मोठा कारखाना उभारला, आणि उसाच्या फडात ज्यांचा जन्म गेला त्यांची पोरं दरवाजे जोडू लागली, पत्र्याला रंग मारू लागली. आता रस्त्यात टॅक्सी उभी दिसली की जो तो तिच्या टपावर थाप मारून सांगे, "ही आमची!"

ओदिलिया बारेतो त्याच कारखान्यात सीटांची कव्हरं शिवायची. नवरा सरहद्दीपलीकडे कामाला गेला तो गेलाच. पदरात एक मुलगी, चायो, आणि तिचा एक पाय पोलिओनं लुळा. नोकरी लागली तसा विमा मिळाला, आणि विम्याच्या इस्पितळात चायोच्या पायाचं ऑपरेशन ठरलं. ओदिलिया उठता-बसता कंपनीला दुवा द्यायची. मैत्रिणी चिडवत, "अगं, मग त्या जपानी इंजिनियरशी लग्नच लाव एकदाचं!"

"लावलं असतं गं," ती म्हणे, "पण तो मक्याची तोर्तिया हातानं मोडायची सोडून काट्या-चमच्यानं खातो. माझी आई वरून शाप देईल."

शिवणखात्याच्या कोपऱ्यात एका जुन्या खोक्यावर ग्वादालुपेच्या माउलीची, म्हणजे तिथल्या मारियामातेची, तसबीर होती, भोवती कागदी फुलं. ऑपरेशनचा निरोप आला त्या दिवशी ओदिलियानं मशीनवरून उठून तिथंच नवस बोलला: चायो आपल्या पायांनी चालत तुझ्यापुढे येईपर्यंत इथला दिवा विझू देणार नाही. काचेच्या पेल्यात तेल, तेलात वात. तिची कामाची पाळी संपली की दुसऱ्या पाळीच्या बायका बघत. नवस एकीचा, पण दिवा सगळ्यांचा झाला होता.

आणि एका सोमवारी त्या खोक्यावर लाल चिठ्ठी लागली.

ही चिठ्ठ्यांची पद्धत त्याच जपानी इंजिनियरनं, कुरामोचिनं, आणली होती. ज्या वस्तूचं काम नाही तिला लाल चिठ्ठी. शनिवारपर्यंत कुणी सकाळच्या सभेत पुढे येऊन "ही लागते" असं सांगितलं तर वस्तू राहणार, नाहीतर रवानगी गोदामात. मोडक्या खुर्च्या गेल्या, गंजके डबे गेले, कुणी चकार शब्द काढला नाही. पण माउली?

ओदिलिया तडक मुकादम प्रोकोपिओकडे गेली. चायोच्या बाप्तिस्म्याला तोच धर्मपिता होता, त्यामुळे दोघं एकमेकांना कोमाद्रे-कोंपाद्रे म्हणत. हे नातं रक्ताच्या नात्याहून जड.

"कोंपाद्रे, हे कसं झालं?"

प्रोकोपिओनं टोपी काढून डोकं खाजवलं. "त्यानं मला विचारलं, हे खोकं काढलं तर चालेल ना? मी म्हणालो, होय इंजिनियर."

"होय म्हणालात?"

"मग काय सांगू, कोमाद्रे? साहेबाला तोंडावर नाही म्हणतात का कधी? माझ्या बापानं हासिएन्दाच्या जमीनदार मालकाला जन्मात नाही म्हटलं नाही!"

"जत्रेतला पोपट बरा, तो निदान दाण्यासाठी तरी मान हलवतो! तुमच्या धर्मकन्येचं ऑपरेशन आहे या शुक्रवारी. शनिवारी दिवा गेला म्हणजे?"

प्रोकोपिओचा चेहरा पडला. वाईट माणूस नव्हता तो. त्या भागात होकार देणं ही रीतच होती. कुणी जेवायला बोलावलं तर होय, रस्ता विचारला तर माहीत नसला तरी डावीकडे. नाही म्हणणं म्हणजे दार तोंडावर आपटणं.

तोवर बातमी युनियनच्या फाऊस्तोपर्यंत गेली होती. तो बाह्या सावरतच आला. "माउलीला हात लावतात? बंद करू कारखाना!"

"तू गप बस," ओदिलिया म्हणाली. "कारखाना बंद झाला तर माझ्या पोरीचा पाय तू नीट करणार आहेस?"

पण आता बोलायचं कुणी? प्रोकोपिओ बोलला तर खोटा पडणार, फाऊस्तो बोलला तर भांडण. उरली ती. चिठ्ठी लावणाऱ्याला पन्नास माणसांसमोर 'तुमचं चुकलं' म्हणायचं, आणि तेही ज्याच्या कंपनीचं मीठ खाल्लं त्याला! नोकरी गेली तर विमा जाणार.

दुसऱ्या दिवशी सकाळच्या सभेत कुरामोचिनं नेहमीप्रमाणे विचारलं, "लाल चिठ्ठी. कुणी काही बोलायचं?"

ओदिलिया पुढे आली. हात एप्रनमध्ये गुंडाळलेले.

"नाही, इंजिनियर. ते खोकं काढायचं नाही. ते लागतं."

सगळे आपापले बूट न्याहाळू लागले.

"काय कामाला?" कुरामोचिनं विचारलं. रागानं नाही, खरंच विचारत होता.

तिनं सांगितलं. पोरीचा पाय, नवस, वात, सगळं.

कुरामोचि खोक्यापाशी गेला. वाकून तसबीर नीट पाहिली. मग म्हणाला, "आमच्या तिकडच्या कारखान्यात पण छोटं देऊळ आहे. नव्या वर्षी आम्ही सगळे वाकतो. मला वाटलं, हे जुनं चित्र, जुना डबा." त्यानं चिठ्ठी उपटली आणि पुढे म्हणाला, "पण इथं शेजारी फोम. फोम पेटतो. दिवा तिकडे, पाण्याच्या नळाजवळ. चालेल?"

हे मात्र खरं होतं. इतक्या बायकांपैकी एकीच्याही डोक्यात ते आलं नव्हतं! "चालेल, इंजिनियर," ती म्हणाली, आणि या वेळचं होय मनापासून होतं.

मग तो कमरेत वाकला, तिच्यापुढे, सगळ्यांदेखत. "मी इथं दोन वर्षं. सगळे मला होय म्हणतात. काय चुकतं ते कळत नाही. तुम्ही पहिल्या. आभार."

ओदिलियाला काय करावं सुचेना. जन्मात कुणी तिच्यापुढे वाकलं नव्हतं. तीही वाकली, आणि दोघांची डोकी जवळजवळ आपटलीच. पन्नास माणसं खो-खो हसली. प्रोकोपिओ सगळ्यांत मोठ्यानं.

ऑपरेशन नीट पार पडलं. डिसेंबरात माउलीच्या सणाला कामगारांची घरची माणसं कारखान्यात आली, तेव्हा पायाला लोखंडी पट्ट्या बांधलेली चायो आईचा हात सोडून नळापर्यंत चालत गेली. एक-दोनदा डगमगली, पण पडली नाही. ओदिलिया ढसाढसा रडली. माउली, डॉक्टर, कंपनी, सोबतच्या बायका, आभार तरी कुणाकुणाचे मानायचे!

नवस फिटला. संध्याकाळी पांगापांग झाल्यावर ती पेला उचलायला गेली, तर कुरामोचि तिथं उभा होता.

"काढणार?" त्यानं विचारलं.

"हो, इंजिनियर. फिटला ना."

तो घुटमळला. "माझी आई आजारी. खूप लांब. मला जाता येत नाही." मग अगदी हळू म्हणाला, "माउलीला स्पॅनिश न येणाऱ्याचं कळतं?"

ओदिलियानं पेला जागच्या जागी ठेवला.

"अहो, ती पहिल्यांदा आमच्या एका गरिबाला दिसली, तेव्हा स्पॅनिश सोडून इथल्या जुन्या नाहुआत्ल बोलीतच बोलली त्याच्याशी. तुमची भाषा तिला काय जड?" तिनं तेल ओतलं, वात सारखी केली. "आईचं नाव?"

"फुमि."

"फुमि," ती तसबिरीला म्हणाली. मग त्याच्याकडे वळून, घरच्या माणसाला सांगावं तसं म्हणाली, "जा, काहीतरी खाऊन घ्या आता. ही वात मी विझू देत नाही."