एका ताटातले दोन भाऊ

घाटनांदूरच्या बाजारात संगमेश्वरअण्णांचं किराणा दुकान होतं. तराजूवर शाम्पूच्या पुड्यांच्या माळा लटकू लागल्या होत्या, शेजारी एसटीडीचा बूथ आला होता, तरी गिऱ्हाईक यायचं ते अण्णांच्या मिरचीसाठी. अण्णांना मात्र दुकानापेक्षा अभिमान होता तो आपल्या ताटाचा. ते आणि धाकटा बसवेश्वर लहानपणापासून एकाच ताटात जेवत. गावातले भाऊ बांधावरून कोर्टात जात होते आणि हे दोघे एका ताटात भाकरी कुस्करत होते.

त्या वर्षी बसवेश्वरच्या पोटात जळजळ सुरू झाली. जेवण झालं की तो पोट धरून पोत्यावर कलंडायचा. ओवा झाला, सोडा झाला. शेवटी त्याच्या बायकोनं, प्रणितानं, त्याला बिनतिखटाचं वरण वेगळ्या ताटात वाढलं. अण्णांचं डोकंच फिरलं.

"एका ताटात जेवतो आमी. मला कावून काही होत न्हाई? आज ताट येगळं, उद्या चूल येगळी. दुखणं पोटात न्हाई, मनात हाय."

प्रणितानं पदर सावरला. "अण्णा, अंबाजोगाईला दाखवू त्यांना."

"ढोंगाला दवाखाना लागत न्हाई."

बसवेश्वर थोरल्याच्या शब्दाबाहेर नव्हता. तो निमूट जुन्या ताटावर येऊन बसला आणि घर सावरलं म्हणून अण्णा खूश झाले. माणूस स्वतःच्या चांगुलपणावर भाळला की त्याला समोर बसलेला भाऊसुद्धा दिसत नाही.

मग एका सकाळी मिरचीचं पोतं उचलताना बसवेश्वरला रक्ताची उलटी झाली.

जीपमध्ये त्याचं डोकं अण्णांच्या मांडीवर होतं. प्रणिता समोर बसली होती. 'मी म्हणत होते', असं म्हणायचा तिला पुरा हक्क होता. ती मात्र पदरानं नवऱ्याचं तोंड पुसत राहिली.

अंबाजोगाईच्या डॉक्टर सत्यभामाबाईंनी रक्त चढवलं, दुर्बीण घालून पोट पाहिलं. "जठरात मोठा व्रण आहे, जंतूमुळे झालेला. वेळेत आणलंत. वाचतील."

अण्णांचा हेका तरी सुटेना. "बाई, आमी एका ताटातले. जंतू असंल तर मलाबी पायजे. माझं रक्त तपासा, मंजी सोक्षमोक्ष व्हईल."

बाईंनी तपासलं. अण्णांच्या रक्तातही त्याच जंतूची खूण निघाली!

"मग मी ठणठणीत कसा?"

"तुम्ही मिरची विकता ना? ब्याडगी आणि लवंगी, दोन्ही मिरच्याच की."

"व्हय, पर ब्याडगी रंग देती, लवंगी जाळती."

"या जंतूचंही तसंच. नाव एक, वाण अनेक. काही वाण एक प्रथिन बनवतात आणि जठराच्या पेशींत सरळ टोचतात. त्यानं दाह वाढतो, व्रण पडतो, क्वचित पुढं कॅन्सरही होतो. त्या प्रथिनाची घडणही सगळीकडे सारखी नसते, आणि त्या फरकानंही दुखणं कमीजास्त होतं. तुमच्या दोघांचे वाण कोणते, हे पाहायची सोय इथं नाही. पण वाण एकच निघाला तरी पोटं दोन आहेत. एकाला सोसतं, दुसऱ्याला नाही. तेव्हा 'मला होत नाही' हा पुरावा नव्हे, अण्णा."

बाहेर रोग्यांची रांग होती, तरी बाईंनी आवाज चढवला नाही की घाई केली नाही. अशा डॉक्टरांना मनोमन हात जोडावेत.

अण्णा खाली मान घालून बाहेर आले आणि प्रणितासमोर उभे राहिले. "चुकलं माझं, पोरी." भरल्या व्हरांड्यात धाकट्या भावजयीला असं म्हणायला मोठं काळीज लागतं.

बसवेश्वर घरी आला. गोळ्या मधेच सोडायच्या नाहीत, असं बाईंनी बजावलं होतं. त्या अण्णा स्वतः हातावर ठेवत. जेवायला त्यांनीच दोन ताटं शेजारी शेजारी मांडली आणि दोन्हींत बिनतिखटाचं वरण वाढलं.

"अण्णा, तुमी कावून असलं खाता? तुमाला तर काही झालं न्हाई."

"मला झालं न्हाई, म्हणून तर तुझं कळलं न्हाई, बसू."

वाचकहो, घरात कुणी पोट धरून बसलं, तर आधी आपलं पोट चाचपू नका. ताट एक असलं तरी दुखणं ज्याचं त्याचं असतं. त्याला विचारा, त्याचं खरं माना आणि दवाखान्यात न्या.