चक्कीमागची तुळस

मित्रांनो, मी एक जुनी पिठाची चक्की आहे. पिंपळगाव राजाला, बाजाराच्या वाटेवरच्या पत्र्याच्या खोलीत मी वर्षानुवर्षे ज्वारी दळली, गहू दळले. आता माझ्या दगडांवर जळमटे आहेत. तोंड अजून उघडेच आहे, पण त्यात धान्य ओतायला कोणी येत नाही. "तिकडं जाऊ नको, तिनं माणूस खाल्ला," असे आया पोरांना सांगतात. ते ऐकून माझ्या जिवाला फार लागते, कारण गेला तो माझा मालक होता आणि त्याच्याइतके मला कोणी जपले नव्हते.

मालकांचे नाव उकंडराव. आधी मी तेलाच्या इंजिनावर चालत असे. ते इंजिन म्हणजे रुसका जावई! थंडीत दोघांनी हँडल फिरवल्याशिवाय हलायचे नाही, आणि वर पिठाला धुराचा वास लावायचे. महाराष्ट्र राज्य झाले, त्यानंतर काही वर्षांनी गावात विजेचे खांब आले. उकंडरावांनी इंजिन काढले आणि मला विजेची मोटर बसवली. नारळ फुटला, बायांनी मला हळदीकुंकू वाहिले. मी तेव्हा फार मिरवले.

मोटर बसवली गुलाबराव वायरमननी. त्यांनी खोलीमागे खड्डा खणला, त्यात तांब्याचा पत्रा पुरला, मीठ-कोळसा भरला आणि माझ्या लोखंडी अंगापासून एक तार तिथवर नेली. मग मालकीणबाई सत्यभामाबाईंना ते म्हणाले, "वयनी, ह्या खड्ड्यात रोज पानी टाकत जा. भुलू नका."

पाणी का टाकायचे, ते त्यांनी सांगितले नाही आणि बाईंनीही विचारले नाही. पण बाई हुशार. विसर पडू नये म्हणून त्यांनी त्या खड्ड्यावरच तुळस लावली. रोज अंघोळ झाली की तुळशीला तांब्याभर पाणी पडे आणि खड्डा आपोआप ओला राही.

दिवस चांगले गेले. एका हिवाळ्यात उकंडरावांनी अंगणात सिमेंटचे वृंदावन बांधले. बाईंना म्हणाले, "तुळस अशी मागं, मातेऱ्यात शोभते काय? तुह्यासाठीच बांधलं हे." बाई हरखून गेल्या. तुळस वाजतगाजत पुढे आली आणि खड्ड्याचे पाणी तुटले. ते पाणी तुळशीचे, असेच सगळे धरून चालले होते.

उन्हाळा लागला तसे माझ्या अंगाला हात लावणाऱ्याला झिणझिण्या येऊ लागल्या. शेजारच्या सोजराबाई म्हणाल्या, "उकंडभाऊ, तुमची चक्की चावून राह्यली!" लोक हसले, उकंडराव मात्र हसले नाहीत. त्यांनी पट्टा बदलला, दगड उतरवून पाहिले. मोटर गाडीत घालून खामगावला नेली. तिथे सांगितले, मोटर ठणठणीत आहे. कोणी लिंबू-मिरची बांधून गेले. आग रामेश्वरी आणि बंब सोमेश्वरी, असे चालले होते. माझ्या हादऱ्याने विजेची एक तार लोखंडी पायाला घासून उघडी पडली होती. तिची वीज आजवर ओल्या खड्ड्यातून जमिनीत मुरत असे. आता खड्डा कोरडा पडला आणि ती वीज माझ्याच अंगात राहिली. मला ते कळत होते, पण मला तोंड असूनही वाचा नाही.

गुलाबरावांची बदली मेहकरला झाली होती. आखाजी, म्हणजे अक्षय्य तृतीया, झाली की येतो, असा त्यांचा निरोप आला.

"ते येईपर्यंत बंद ठेवा ना," बाई काकुळतीने म्हणाल्या.

"अन् सणाले लोकायच्या घरी पोळ्या कशा होतीन? पाटावर उभं राह्यलं की काही होत नाही मले."

हे खरे होते. लाकडी पाटावर उभे राहून ते रोज दळत होते.

आखाजीच्या सकाळी पितरांची घागर भरायची होती. घागरीखाली ठेवायला बाईंनी तो पाट धुऊन देवघरात नेला. उकंडराव विहिरीवरून घागर घेऊन आले, धोतर ओलेचिंब, पाय अनवाणी. दारात सोजराबाई गव्हाची पाटी घेऊन उभ्या होत्या. "भाऊ, पुरण शिजलं, अन् घरात कणीक नाही. एवढं दळून द्या."

त्यांना नाही म्हणता येत नसे. त्यांनी मला चालू केले आणि ओला हात माझ्या तोंडाच्या कडेवर ठेवला. तो हात मी सोडू शकले नाही. सोजराबाईंच्या किंकाळीने माणसे धावली, वीज तोडली, पण तोवर सारे संपले होते.

तिसऱ्याच्या दिवशी गुलाबराव आले. ते सरळ खोलीमागे गेले आणि तिथेच थबकले. "वयनी, इथची तुळस कुठी गेली?"

बाईंनी अंगणातल्या वृंदावनाकडे बोट केले. गुलाबरावांनी खड्ड्यातली कोरडी माती हातात घेतली. "म्या सांगाले पायजे होतं... ते पानी काऊन टाकाचं, ते सांगाले पायजे होतं."

मित्रांनो, यंत्राला तेलपाणी करा, त्याचे अंग पुसा. पण कोणी रोज काही करायला सांगितले, तर ते का, हेही विचारून घ्या. सांगणाऱ्यांनो, तुम्हीही का ते सांगा. एवढ्या एका शब्दावाचून माझ्या मालकांचा जीव गेला.

माझी तार आता तोडलेली आहे. पुढच्या आखाजीला त्या पाटावर उकंडरावांच्या नावाची घागर बसली. पूजा झाल्यावर सत्यभामाबाई तांब्या घेऊन मागे आल्या आणि कोरड्या खड्ड्यात पाणी ओतले. त्या अजूनही रोज येतात. मी बंद आहे, हे त्यांना ठाऊक आहे.