माझे तडे बुजवू नका

मी नदीवरचा जुना पूल बोलतोय. तुम्ही माझ्यावरून रोज जाता, पण पुलावर आलं की माणसं पाण्याकडे बघतात. माझ्याकडे बघतात ते फक्त ट्रकवाले, तेही घाबरत घाबरत.

मला बांधलं तेव्हा पलीकडे नुसतं माळरान होतं. मग तिथे लाकडाची वखार आली, काचेचा कारखाना आला. सगळ्यांचा माल माझ्याच पाठीवरून बाजाराला जाऊ लागला. भरलेला ट्रक गेला की माझ्या अंगातून एक थरथर जायची आणि मला उगीचच मोठं झाल्यासारखं वाटायचं.

आता साध्या टेंपोनेही थरथर उठते आणि मी श्वास रोखून धरतो. काठाजवळच्या माझ्या खांबाला तडे गेलेत. भरलेल्या ट्रकना बंदी आहे. कारखान्याचा ट्रक माझ्या तोंडाशी थांबतो, बरण्यांची खोकी छोट्या टेंपोत चढतात आणि अलीकडे येऊन पुन्हा दुसऱ्या ट्रकमध्ये. प्रत्येक चढउतारीत काहीतरी खळकन फुटतं.

कारखाना काकींचा. सगळे त्यांना काकीच म्हणतात. वखार त्यांच्या दिरांची, आणि तेच व्यापारी संघाचे अध्यक्ष. एकदा दोघं माझ्या कठड्याला टेकून बोलत होते.

"भाऊजी, काचेची भट्टी म्हणजे घरची चूल नव्हे. विझली की आतली काच थिजून दगड होते. यंदा पुलाला निधी मिळाला नाही, तर मी कारखाना बंद करणार."

"मी आहे ना, वहिनी. निधी ठरवणाऱ्या मोठ्या साहेबांनाच इथे आणतो. बघू देत स्वतःच्या डोळ्यांनी."

साहेब यायचे ठरले आणि पाहुणे येणार म्हटल्यावर घरात जी धांदल उडते, तीच उडाली. कोणीतरी रस्ता झाडला. कोणीतरी कठडा पिवळाधमक रंगवला. गवंड्याने माझे तडे सिमेंटने बुजवले. साहेबांना खोळंबा नको म्हणून टेंपोसुद्धा वखारीमागे उभे केले.

साहेबांची गाडी आली. मी जीव खाऊन थरथरायचा प्रयत्न केला, पण त्या गाडीला वजन ते किती?

"पूल तर चांगला आहे की," साहेब म्हणाले. "निधी कमी आहे. जिथे खरी गरज, तिथे आधी द्यावा लागतो."

गाडी गेली. अध्यक्ष बराच वेळ रुमालाने मान पुसत राहिले.

"आजाऱ्याला पावडर लावून डॉक्टरकडे नेलंत, भाऊजी," काकी म्हणाल्या.

त्यानंतर काकींनी साहेबांच्या कचेरीत इतक्या खेपा घातल्या की शिपाई त्यांना न विचारताच पाणी द्यायला लागला. तोवर माझे बुजवलेले तडेही पुन्हा उघडले. शेवटी साहेब पुन्हा यायला तयार झाले. उद्या येणार आहेत. निधी उद्याच ठरणार.

आणि आज सकाळी माझ्या अंगाला पुन्हा शिडी टेकली.

"कठड्यालाच फक्त हात मारतो, वहिनी," अध्यक्ष खाली बघत म्हणाले. "रंगाचे पोपडे निघालेत. साहेबांना असं कळकट दाखवायचं? आपलीच लाज जाते."

"आणि ते सिमेंट कशाला कालवलंय?"

त्यांनी सिमेंटचं घमेलं पायाने मागे सरकवलं. काकींनी रंगाच्या डब्याचं झाकण घट्ट लावलं आणि त्यावरच बसल्या. रंगारी ब्रश हातात धरून कधी अध्यक्षांकडे, कधी काकींकडे बघत राहिला.

अजून बसल्या आहेत. पण संध्याकाळी त्यांना भट्टीकडे जावंच लागेल. मग मला कोण सांभाळणार?

रंगारीदादा, हात जोडतो, शिडी काढ. अध्यक्ष, लाज माझ्या तड्यांची नाही, ते लपवण्याची आहे. आणि साहेब, उद्या गाडीतून उतरा. काठाच्या खांबापाशी या, त्यावर तळहात ठेवा आणि वरून एक टेंपो जाऊ द्या. माझं म्हणणं तेवढ्यात कळेल.

पलीकडे भट्टीचा उजेड अजून दिसतोय. तो आहे तोवर या.