आषाढात वर काढलेलं आरमार

पाठ दाखवून उत्तर देणाऱ्या माणसाचा जिजाला फार राग. घरात माणसं दोनच, एक ती आणि दुसरी तिची लेक निर्मला. ही लेक संध्याकाळी साडेपाचला डहाणूच्या शाळेतली कारकुनी उरकून यायची, चपला काढायची, चहाचा कप उचलायची आणि कॉम्प्युटरपुढे जाऊन बसायची ती थेट जेवणापर्यंत. जिजाने विचारावं, "भात टाकू का भाकरी?" तर पाठीकडून उत्तर यायचं, "काहीपण."

उभ्या नरपड गावात जिजाशी असं बोलायची कुणाची छाती नव्हती. तिची माशांची पाटी किनाऱ्यावरच्या लिलावात आली की व्यापारी आवाज खाली घ्यायचे. दुसरीत शाळा सुटली, पण माशाच्या डोळ्यात बघून तो कुठल्या पाण्यातला ते सांगायची. आणि ही पोटची पोर, चाळिशीला आलेली, आईला सांगते काहीपण!

"काहीपण नावाची भाजी बाजारात मिळत नाही," जिजा म्हणायची. पाठ हलायची नाही. मग ती भात टाकायची, आपलं ताट वाढून घ्यायची आणि उंबऱ्यावर बसून कोंबड्यांशी बोलत जेवायची. कोंबड्या निदान मान वळवून बघतात.

निर्मला दीड वर्षामागे माहेरी परत आली. जावई तुषार तलासरीकडच्या डोंगरगावातला, भातशेतीवाल्यांचा मुलगा. तलासरीत कॉम्प्युटर दुरुस्त करायचं छोटंसं दुकान होतं त्याचं. एका सकाळी हायवेवर ट्रकने त्याची मोटारसायकल उडवली. मूलबाळ नव्हतं. तेराव्यानंतर निर्मला टेम्पोतून आली तेव्हा कपड्यांची एक पेटी होती, आणि गोधडीत गुंडाळून मांडीवर धरलेला त्याचा कॉम्प्युटर. मांडीवर, तान्ह्या पोरासारखा. जिजाने तेव्हाच ओळखलं होतं की ही पोर आली खरी, पण घरात आली नाही.

माघात बोंबील सुकत घातले होते. शेजारची पुतळी आपले बोंबील उलटवता उलटवता म्हणाली, "काय गो जिजे, लेक तुझी दिवसभर शाळेत आणि संध्याकाळभर मशिनीत. करते काय?"

"लढाई खेळते."

"या वयात?"

"तुझा नवरा साठीला पत्ते कुटतो, तेव्हा मी विचारायला येते का?"

पुतळी हसली. "कुटतो, पण समोर माणूस बसलेला असतो. चोरी केली तर कॉलर धरता येते. हिचा समोरचा कोण?"

तो प्रश्न जिजाने तसाच घरी नेला. रविवारी सकाळी ती पदर खोचून निर्मलाच्या खोलीच्या दारात जाऊन उभी राहिली.

"तुझा समोरचा कोण?"

पाठ थबकली. मग खुर्ची वळली. कितीतरी दिवसांनी लेकीचं तोंड जिजाला समोरून दिसलं. गालाची हाडं वर आली होती.

"नॉर्वेतला एक म्हातारा आहे. शाळेत भूगोल शिकवायचा."

"ते कुठं आलं? वापीच्या पुढे?"

"खूप पुढे, आये." निर्मलाच्या ओठाचा एक कोपरा हलला. "बस, दाखवते."

पडद्यावर पाणीच पाणी होतं. निळ्यावर बेटांचे ठिपके आणि ठिपक्यांभोवती मुंगीएवढ्या खुणा. ती जहाजं होती, हजारो. पंचाहत्तर वर्षांपूर्वीची खरीखुरी लढाई होती ती, एका बाजूला जपान, एका बाजूला अमेरिका. प्रत्येक जहाजाला नाव, त्याचा कप्तान, त्यात तेल किती, ते कुठून निघालं, कुठे जाणार. खेळातला एक दिवस म्हणजे एक डाव. निर्मलाने दिवसभराचे हुकूम लिहून पाठवायचे, म्हाताऱ्याने त्याचे पाठवायचे, मग मशीन दोघांचे हुकूम एकमेकांवर सोडून काय झालं ते दाखवायची. रोजचा एक डाव, आणि लढाई चार वर्षांची.

"चार वर्षं? तुला कोणी बांधून घातलंय का?"

"मी नाही सुरू केला. तुषारने केला. आमची बाजू जपानची."

जिजाला जावई आठवला. समुद्राची त्याला केवढी भीती! पहिल्या दिवाळीला होडीत बसवला तर किनारा सुटायच्या आत ओकला, आणि होडी हाकणारे दोन तांडेल आठवडाभर त्याची नक्कल करत हिंडले. तोच इथे कोरड्या खोलीत बसून अख्खा समुद्र हाकत होता.

"मग तो गेल्यावर तू कशाला चालू ठेवलास?"

निर्मलाने कळफलकावरची धूळ बोटाने पुसली. "त्या म्हाताऱ्याला माहीत नाही, तुषार गेला ते. मी त्याच्याच नावाने डाव पाठवते."

"दीड वर्ष?"

"दीड वर्ष." तिने खणातून तीन जाड वह्या काढल्या. तुषारचं बारीक अक्षर. कुठलं जहाज कधी हलवायचं, तेल कुठून आणायचं, ते त्याने पुढच्या कित्येक महिन्यांचं आधीच आखून ठेवलं होतं. "मी माझ्या मनाचं काही करत नाही. वहीत बघून त्याचेच हुकूम पाठवते. जगात एक माणूस असा आहे आये, की त्याच्या लेखी तुषार आज सकाळी उठला, चहा प्यायला, डाव पाठवला. पुतळीमावशीच्या लेखी तो मेला, तुझ्या लेखी मेला, त्याच्या घरच्यांनी तर भिंतीवर फोटो लावला. एकाच्या लेखी जिवंत आहे. तेवढं मला मोडायचं नाही."

जिजाच्या जिभेवर शब्द तयार होते, खोटारडे हा त्यातला सगळ्यात मऊ. पण ती उठली आणि तांदूळ धुवायला गेली. तांदूळ तीन पाण्यांत धुतात, तिने सहा पाण्यांत धुतले.

त्यानंतर ती रोज संध्याकाळी स्टूल घेऊन खोलीत बसू लागली. बघायला, असं तिने सांगितलं. पण निर्मलाचं सगळं ध्यान वहीत आणि पडद्यावर. जिजाने विचारलं, "त्या बेटाजवळ खडक असतील ना?" तर "हं." "भरती कधी लागते तिथं?" "ते नसतं यात." आता पाठीऐवजी कूस दिसायची, एवढाच फरक.

फाल्गुनात एका संध्याकाळी निर्मलाने वहीचं पान उलटलं. पुढचं कोरं होतं. त्याच्या पुढचंही.

"आये, वही संपली."

तिचा आवाज लहानपणी जत्रेत हात सुटल्यावर यायचा तसा होता. खेळात मे महिना संपत होता. त्यापुढे तुषारने काही लिहिलेलं नव्हतं. निर्मला खुर्ची वळवून आईकडे बघत राहिली. "उद्या काय पाठवू?"

कोणी विचारावं म्हणून जिजा दीड वर्ष टपून बसली होती. तिने पदर सारखा केला.

"तिथं महिना कुठला म्हणालीस?"

"उद्या जून लागेल."

"म्हणजे आषाढ आलाच. मग ही गलबतं पाण्यात काय करतायत? वर काढ!"

"तसं नसतं, आये..."

"काय तसं नसतं? समुद्र तो समुद्र. तुझ्या बापाने, आज्याने कधी आषाढात होडी घातली? सगळी एका चांगल्या बंदरात आण, बांधून टाक. नारळी पुनवेला नारळ दे आणि मग काढ."

निर्मला हसली नाही. कोळ्याच्या पोटची पोर ती. खेळातल्या मागच्या पावसाळ्यात तिने तुषारच्या वहीबरहुकूम भर जून-जुलैत जहाजं हाकली होती, ती मन मारूनच. हे मात्र तिला आतून पटलं. चार दिवसांत तेलाची जहाजं, विमानं वाहणारी मोठी जहाजं, रखवालीच्या लहान नौका, सगळं आरमार एका बंदरात येऊन लागलं.

आणि घरात सुगीचे दिवस आले. रोजचा हुकूम एकच, थांबा. तो पाठवायला पाच मिनिटं पुरायची. साडेपाचला आलेली निर्मला सहाला मोकळी असायची. दोघी मागल्या दारी बसून कोळंबी सोलायच्या. निर्मला शाळेतल्या हेडमास्तरांची नक्कल करायची, चिकूच्या वाडीतून फिरून यायची, भात नको भाकरी कर म्हणायची. तिने तुषारच्याही गोष्टी सांगितल्या. तो झोपेत जहाजांची नावं घ्यायचा. एकदा भांडणात म्हणाला होता, तुझ्या आईला नौदलात घेतलं असतं तर लढाई दोन वर्षांत संपली असती. जिजा ते ऐकून इतकी हसली की डोळ्यांना पदर लावावा लागला.

"तेल संपत आलंय, आये," मधेच एकदा निर्मला म्हणाली. "बेटांवरच्या फौजेला रसदही जात नाहीये. दोन-चार जहाजं तरी सोडू का?"

"आणि बुडाली म्हणजे? पुनव कधी आहे तिथली?"

"अजून महिना आहे."

"मग महिनाभर कळ काढ." बोलून झाल्यावर जिजाने नजर कोळंबीकडे वळवली. मनात कुठेतरी तिला माहीत होतं की तिला पुनवेची घाई नव्हती.

आरमार बांधल्याला सव्वा महिना झाला तेव्हा, एका शनिवारच्या दुपारी, निर्मलाने म्हाताऱ्याचा डाव उघडला आणि तिचा हात तोंडावर गेला. समोरच्याने समुद्र रिकामा बघितला होता. त्याला कोणी अडवलंच नाही. तो सरळ बंदराच्या तोंडाशी आला आणि दाटीवाटीने बांधलेल्या जहाजांवर त्याने विमानं सोडली.

निर्मला बुडालेल्यांची नावं वाचू लागली, एकेक. जिजा दाराला टेकून उभी होती. वादळानंतर किनाऱ्यावर बायका अशीच नावं ऐकत उभ्या राहतात. एकतीस नावं झाली तेव्हा निर्मला थांबली.

"माणसं?" जिजाने विचारलं.

"तीही मोजलीत. नको विचारू."

डावाच्या खाली चिठ्ठी होती. निर्मलाने ती मराठीत करून वाचली. "तुषार, तीन वर्षं मी तुझ्याशी खेळतोय. तुझं तोंड बघितलं नाही, पण तुला ओळखतो. जहाजं अशी बांधून ठेवणारा माणूस तू नाहीस. दोन उन्हाळे तू मला श्वास घेऊ दिला नाहीस. आजारी आहेस का? की तुझ्या जागी दुसरं कोणी बसलंय? जे असेल ते सांग. मी एकटा राहतो, सकाळी उठून पहिलं तुझा डाव आलाय का ते बघतो."

रविवार गेला, सोमवार गेला. निर्मला कॉम्प्युटरपुढे बसायची पण हात मांडीवर. जेवायला नको, चहा नको. पाठ पुन्हा पहिल्यासारखी. जिजाने ताट नेऊन ठेवलं आणि तसंच परत आणलं. मागल्या दारी ती एकटी कोळंबी सोलत बसली, आणि कोंबड्यांशीही बोलावंसं तिला वाटलं नाही.

मंगळवारी संध्याकाळी निर्मला आपण होऊन वळली. डोळे सुजले होते.

"मी लिहिलंय. 'ताप आला होता, म्हणून डोकं चालत नव्हतं. आता बरा आहे. तुझा तुषार.' पाठवू का?" तिने बोट बटणावर ठेवलं. "नाही पाठवलं तर तो तिथंही मेला, आये."

जिजा स्टूल ओढून तिच्यासमोर बसली, गुडघ्याला गुडघा लागेल इतकी जवळ.

"पुसून टाक ते. आणि आधी माझं ऐक. चूक माझी आहे. हे मी जन्मात कुणाला म्हटलं नाही, तुझ्या बापालाही नाही. गलबतं वर काढ म्हणाले ती काय आषाढाला भिऊन म्हणाले? सुरुवातीला असेल. पण पुढे तुला तेल संपलेलं दिसत होतं, तरी मी थांब म्हणाले, कारण ती बांधलेली होती तोवर तू माझ्याजवळ बसत होतीस. त्या पोराचं आरमार मी माझ्या करमणुकीला बुडवलं."

"आये..."

"गप. तुझा बाप गेला तेव्हा सात महिने आपल्या बोटीला खलाशी त्याच्याच नावाने 'काकड्याची बोट' म्हणायचे आणि मी म्हणू द्यायची. ऐकायला बरं वाटायचं. मग एकदा भरतीची वेळ मी चुकवली, बोट खडकाला लागली, आणि किनारा म्हणाला, काकड्याची बोट पनवती. चूक माझी आणि बट्टा त्याला, आणि त्याला बिचाऱ्याला उलट बोलायला तोंड नाही. त्या दिवशी मी भर लिलावात सांगितलं, बोट जिजाची, चुकली ती जिजा. आता तू त्या मास्तराला लिही, माझा नवरा जाऊन दीड वर्ष झालं. लिही, मे महिन्यापर्यंत जिंकत होता तो तुषार, आणि त्यापुढे बुडवलं ते नरपडच्या दोन बायकांनी. आणि लिही, पुढचा डाव मी खेळणार, निर्मला नावाने, तुला खेळायचं तर खेळ. तू खोटारडी आहेस निर्मला, आणि वर भित्री. पण खेळणारी तू आहेस, तो नाही. तुषारला त्या बोटीवरून उतरू दे आता, आणि हरायचं असेल तर स्वतःच्या नावाने हर."