तोंडावर बोट

वकिलांची सारी कारकीर्द विमा कंपन्यांच्या बाजूने उभं राहण्यात गेली होती. कोणी कोणाच्या पायरीवरून घसरलं, कोणाची गाडी कोणावर आदळली, की विमा काढलेल्या माणसाचा बचाव करायला कंपनी यांना धाडायची. पहिल्याच भेटीत ते अशिलाला बजावत, आता कोणाची माफी मागायची नाही. माफी म्हणजे कबुली, आणि कबुली दिली की वकिलाला कोर्टात बोलायला काही उरत नाही.

हे त्यांनी आजवर कितीतरी लोकांना न अडखळता ऐकवलं होतं. या वेळी मात्र जीभ अडली, कारण समोरच्या खुर्चीत त्यांच्या शाळेतल्या बाई बसल्या होत्या.

बाईंचा कुत्रा गुंड्या अंगाने वासराएवढा आणि स्वभावाने गरीब गाय. त्याने फाटकाशी शेजारणीवर लाडाने झेप घेतली, ती पडली आणि तिचं उजवं मनगट मोडलं. शेजारीण कपडे शिवायची, तेव्हा मशीनही बंद पडलं. तिच्या जावयाने दावा ठोकला. बाईंच्या घराच्या विम्यात कुत्र्याने केलेलं नुकसानही येत होतं, म्हणून प्रकरण फिरत फिरत वकिलांच्या टेबलावर आलं.

बाईंना दाव्याची फिकीर नव्हती. दोघी वर्षानुवर्षं रोज सकाळी कुंपणाच्या दोन बाजूंना उभ्या राहून चहा प्यायच्या. आता पलीकडची खिडकी उघडतच नव्हती. तिच्याकडे जाऊन एकदा चुकलं म्हणू दे, एवढंच बाईंचं मागणं होतं.

वकिलांनी शक्य तितक्या मऊ आवाजात नकार दिला.

"वर्गात तुला गप्प बसवता बसवता माझा घसा बसला, बडबड्या," बाई म्हणाल्या. "आणि आता तू मला तोंडावर बोट ठेवायला सांगतोस?"

"केस संपेपर्यंतच, बाई."

"तोवर आमच्यातली एक संपली तर?"

चुकलं तर आधी चुकलं म्हणायचं, कारणं मागाहून द्यायची, हे वकिलांना याच बाईंनी शिकवलं होतं.

बाईंचा प्रश्न काही त्यांच्या डोक्यातून जाईना. मग त्यांना मध्यस्थीची खोली आठवली. तिथे दोन्ही पक्ष मध्यस्थापुढे बसून बोलतात, आणि बोललेला शब्द उंबरठ्याबाहेर जात नाही. पुढे कोर्टात तो कोणाविरुद्धही वापरता येत नाही. प्रकरण तिथे लवकर मिटेल, असं त्यांनी कंपनीला पटवलं. त्यात खोटं काहीच नव्हतं.

ठरल्या दिवशी शेजारीण जावयाला घेऊन आली. मनगटाला पट्टा होता आणि नजर टेबलावरच्या पाण्याच्या तांब्यावर. मध्यस्थाने नियम समजावून सांगितले. ते संपताच वकिलांनी बाईंकडे बघून स्वतःच्या ओठांवर बोट ठेवलं आणि हळूच काढून घेतलं.

बाई वर्गात उभ्या राहायच्या तशा उभ्या राहिल्या.

"चुकलं माझं. फाटकाची कडी मी नीट लावली नव्हती. आणि तुला बघायला आले नाही, ते त्याहून चुकलं."

शेजारणीने मनगटावरचा पट्टा सारखा केला.

"कडीचं काय घेऊन बसलीस," ती म्हणाली. "त्याला अंगावर यायची सवय मीच लावली. तू चहाचे कप ठेवायला आत गेलीस की मी त्याला बिस्किट दाखवून उड्या मारायला लावायचे. त्या दिवशीही तेच."

जावयाने कपाळाला हात लावला. वकिलांचं पेन सवयीने कागदावर टेकलं. उलटतपासणीत असं एक वाक्य हाती लागावं म्हणून वकील जन्म घालवतात. निम्मा दावा जागच्या जागी ढासळला असता. आणि ते लागलं कुठे, तर या खोलीत. त्यांनी पेनाला टोपण लावलं. आश्चर्य म्हणजे त्यांना जराही हळहळ वाटली नाही.

"डॉक्टरांनी त्याला बिस्किटं बंद केलीत," बाई म्हणाल्या. "मी आपली रोज विचार करते, हा वाळत कसा नाही."

शेजारणीला हसू आवरेना. मग बाकीचं पटापट मिटलं. उपचार आणि बुडालेली कमाई कंपनी देणार होती. पण जावई नको नको म्हणत असताना शेजारणीने आपल्या बिस्किटांपायी थोडी रक्कम कमी करायला लावली. सह्या झाल्या.

बाहेर पायऱ्यांवर बाईंनी शेजारणीचा चांगला हात धरला होता. त्या वळून म्हणाल्या, "काय रे, आता आम्ही बोललं तर चालेल ना?"

वकिलांना सांगायचं होतं की कंपनीची शेवटची मंजुरी यायची आहे, तोवर जरा जपून. पण दोघींचं आधीच गुंड्याच्या वजनावरून जुंपलं होतं. त्यांनी हाताची घडी घातली आणि तोंडावर बोट ठेवलं.